पाठीमागची फेक

माझे काका शास्त्री नदीच्या खाडीत पाग टाकत. पाग म्हणजे एका माणसाने हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, मधोमध दोरी बांधलेली असते, आणि अंगाला एक झोका देऊन ते सोडले की हवेत पसरत जाऊन पाण्यावर पूर्ण वर्तुळात पडावे लागते. काकांना हे कोणी शिकवले नव्हते; त्यांनी इतरांचे पाहिले आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर स्वतः फेकून पाहिले. तेराव्या वर्षी मीही त्याच वाळूवर तसाच शिकलो. पाग फसला की तो कसा फसला हे समोरच उमटलेले असे: एका बाजूला शिसे गोळा झालेले, दुसरी बाजू ताणलेली, मधे न उघडलेली एक घडी. त्या आकृतीकडे पाहायचे, कोणता हात आधी सुटला याचा अंदाज बांधायचा आणि पुन्हा फेकायचे. काका शेजारी बसून असत आणि सहसा काही बोलत नसत. दोन सुट्ट्यांत मला पाग बऱ्यापैकी जमू लागला.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे, कॅलिफोर्नियात स्थिरावल्यावर वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी फ्लाय फिशिंग शिकायला घेतले तेव्हा कोणा शिक्षकाकडे जावे असा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. हाताने फेकायची वस्तू आहे, फेकून फेकून येईल, अशी माझी खात्री होती. पुढची दोन वर्षे मी त्या खात्रीवर काढली. ती वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांत जे शिकता आले नाही ते का आले नाही, हे मला आज नीट मांडता येते आणि ते मांडावेसे वाटते.

त्यासाठी या फेकीची घडण आधी सांगायला हवी. आपल्याकडच्या साध्या गळाला शिसे किंवा आमिषाचे वजन असते. ते पुढे झेपावते आणि त्याच्या मागून तंगूस उलगडत जातो. फ्लाय म्हणजे गळावर पिसे आणि दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती स्वतःहून कुठेच जाऊ शकत नाही. येथे वजन असते ते जाड, लेप दिलेल्या लाइनला. थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउट माशांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५ क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असते. हे ९ ग्रॅम वजन ३० फुटांवर पसरलेले असल्यामुळे ते दगडासारखे भिरकावता येत नाही. लाइन आधी पाठीमागे फेकावी लागते, ती मागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते, आणि ती सरळ झाली की मगच पुढे फेकावी लागते. सरळ झालेल्या लाइनच्या वजनाविरुद्ध रॉड वाकतो, हाताचा वेग क्रमाक्रमाने वाढत जाऊन एका जागी एकदम थांबतो, आणि लाइन आडव्या पडलेल्या इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा घेत उलगडत जाते. या वळशाला लूप म्हणतात. फेकीच्या काळात रॉडचे टोक सरळ रेषेत गेले तर लूप अरुंद होतो आणि हवेला सहज चिरतो. टोक कमानीसारखे फिरले तर लूप रुंद होऊन मधेच दम तोडतो. आणि टोक मधेच खाली बुडाले तर लूपची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते आणि माशी आपल्याच लाइनमध्ये अडकते.

हे सगळे मी पहिल्या महिन्यातच वाचून काढले होते, चित्रफितींमध्ये शेकडो वेळा पाहिले होते, आणि कोणी विचारले असते तर वहीवर आकृती काढून समजावूनही दिले असते. संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर मी गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून तासभर फेकत असे. ३० फुटांपर्यंत लाइन छान जाई. ४० फुटांच्या पुढे गेलो की काहीतरी बिघडे. मी जोर वाढवी, मग आणखी बिघडे.

सुट्टीच्या दिवशी मी विंटर्स गावाजवळच्या पुटा क्रीकवर जात असे. मॉन्टिसेलो धरणातून खोलातले थंड पाणी सुटत असल्यामुळे त्या उष्ण प्रदेशातही तेथे रेनबो ट्राउट नांदतात. येथे आमिष चालत नाही, उलटा काटा असलेला गळ चालत नाही आणि पकडलेला प्रत्येक ट्राउट परत सोडावा लागतो. पाणी स्वच्छ आणि मासे फार सावध, त्यामुळे जवळ जाऊन भागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या वसंतात पलीकडच्या काठाच्या विलोच्या झाडाच्या सावलीत एक मोठा मासा पृष्ठभागावरचे किडे टिपत होता. पंधरावीस फेकी फुकट गेल्यावर एक नीट पडली, त्याने माशी घेतली, आणि रॉड उचलताक्षणी लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांना जोडणारा बारीक तंगूस, तुटला. तुटलेले टोक हातात घेऊन पाहिले तर जिथे तुटला तिथे एका साध्या गाठीचा उरलेला मुरडा होता. फेकताना आपोआप पडणाऱ्या अशा गाठींना इंग्रजीत वाऱ्याच्या गाठी म्हणतात, परंतु त्यांत वाऱ्याचा हात क्वचितच असतो. बहुतेक वेळा लूप स्वतःला ओलांडतो तेव्हा त्या पडतात, आणि गाठ पडलेला तंगूस त्याच जागी सर्वांत आधी तुटतो. तोंडात माझी माशी घेऊन तो मासा खोल पाण्यात गेला. गळाला उलटा काटा नसल्यामुळे ती लवकर सुटली असेल, अशी आशा मी बाळगली. तरीही माझ्या न सुधारलेल्या चुकीचा भार दुसऱ्या जिवाने का वाहावा, हा प्रश्न घरी येईपर्यंत माझी पाठ सोडत नव्हता.

त्यानंतर मी अधिक चांगला म्हणून अधिक महाग रॉड घेतला. फरक पडला नाही. मोबाइल तिपाईवर लावून स्वतःचे चित्रण केले आणि रात्री ते हळू गतीने पाहिले. लूप ओलांडतो आहे हे स्पष्ट दिसत होते, पण का ओलांडतो आहे ते दिसत नव्हते, कारण मी पुढच्या फेकीकडेच पाहत होतो. बिघाड जिथे दिसतो तिथेच तो घडत असणार, हा पागाने दिलेला संस्कार माझ्यात इतका मुरला होता की दुसरीकडे पाहावे हे सुचलेच नाही.

मग मी शिकवणी लावली, आणि ती चांगली निघाली नाही. तो दहाबारा जणांचा अर्ध्या दिवसाचा वर्ग होता. शिकवणारा माणूस स्वतः अतिशय सुंदर फेकत असे. त्याची लाइन पाहत राहावी अशी होती. त्याने आम्हाला घड्याळ शिकवले: समोर दहा वाजता रॉड थांबवा, मागे दोन वाजता थांबवा, आणि मधे मनात ठेका मोजा. ही जुनी रीत आहे आणि २५ फूट लाइन हवेत ठेवायला ती पुरते. परंतु लाइन जितकी लांब, तितका रॉडचा प्रवास लांब आणि मागचा विरामही लांब असावा लागतो. घड्याळाचे दोन आकडे कायमचे बांधून दिले की शिकणाऱ्याला ही वाढ करताच येत नाही. माझ्याकडे तो माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा माझा रॉड घेऊन स्वतः फेकून दाखवला आणि “असे” म्हणून पुढे गेला. त्या दिवशी घरी येताना मी ठरवून टाकले की शिकवणीत काही अर्थ नाही, आपले आपणच बरे. आज मला वाटते की माझ्यासारखे स्वयंशिक्षणाचे पुष्कळ अभिमानी असेच घडत असावेत: त्यांना शिक्षक नको असतो असे नाही, त्यांना एकदा असा शिक्षक भेटलेला असतो ज्याने त्यांच्याकडे पाहिलेलेच नसते.

योग्य शिक्षक मला त्यानंतर वर्षभराने भेटल्या. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था कास्टिंग, म्हणजे ही फेक, शिकवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देते. ही परीक्षा स्वतः फेकण्यापुरती नसते, दुसऱ्याची चूक ओळखून ती समजावता येते का हेही त्यात तपासले जाते. असे प्रमाणपत्र असलेल्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंकडे मी दोन तासांची वेळ घेतली. त्यांनी मला पाण्याजवळ नेलेच नाही. एका बागेच्या हिरवळीवर उभे करून २५ फुटांच्या दहा फेकी करायला सांगितल्या, मग ४५ फुटांच्या दहा. त्या वीसही फेकींत त्या माझ्या समोर एकदाही आल्या नाहीत. त्या माझ्या पाठीमागे, थोड्या उजव्या अंगाला उभ्या होत्या.

मग त्या म्हणाल्या, “आता फक्त मागची फेक करा आणि लाइन तशीच जमिनीवर पडू द्या. पुढे आणू नका. वळून पाहा.”

मी वळून पाहिले. तीन वर्षांत मी पहिल्यांदाच माझी मागची फेक पाहत होतो. हिरवळीवर लाइन नागमोडी पडली होती, आणि तिचा शेवटचा हिस्सा लोकरीच्या तुकड्यासह एका जागी गोळा झाला होता. न उघडलेल्या पागाची घडी मी ज्या क्षणी ओळखली असती, त्याच क्षणी मला ही ओळखता आली. पुढे दिसणाऱ्या बिघाडाचे मूळ माझ्या पाठीमागे, इतकी वर्षे असेच पडून होते.

पुढचा प्रयोग मला अधिक हलवून गेला. माझा रॉड मागे जिथे थांबतो त्या जागी त्यांनी एक काठी उभी धरली आणि लाइन सरळ होईपर्यंत रॉड त्या काठीला टेकलेला राहू द्या असे सांगितले. मी फेकले, थांबलो, माझ्या समजुतीप्रमाणे अगदी स्थिर थांबलो, आणि त्यांनी मला तसेच थिजून राहायला सांगितले. रॉड काठीपासून दीड हात पुढे आलेला होता. माझ्या हाताला त्याची जाणीव मुळीच झालेली नव्हती. मी पुन्हा केले, पुन्हा तेच झाले. या चुकीला कास्टिंगच्या भाषेत क्रीप म्हणतात: विरामाच्या काळात हात नकळत पुढे सरकतो. मग पुढच्या फेकीसाठी रॉडला जेवढा प्रवास हवा, त्याचा बराचसा भाग आधीच खर्च झालेला असतो. उरलेल्या थोड्या प्रवासात तेवढीच लाइन ढकलायची म्हणून हात एकदम हिसका देतो, हिसक्याने रॉड गरजेपेक्षा जास्त वाकतो, त्याचे टोक सरळ रेषा सोडून खाली बुडते, लूप स्वतःला ओलांडतो आणि गाठ पडते. मी जोर वाढवत होतो म्हणजे नेमके आजाराला खतपाणी घालत होतो.

स्वतः शिकणाऱ्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मी आळशी नव्हतो, माझ्याकडे माहितीही कमी नव्हती; तरीही माझे शरीर मला खोटी साक्ष देत होते, आणि ती तपासायला माझ्याजवळ त्याच शरीराखेरीज दुसरे काही नव्हते. थांबलो आहे असे वाटणे आणि थांबलेले असणे यांतले अंतर आतून कळत नाही. ते कळायला दुसरे डोळे लागतात, आणि त्या डोळ्यांना कोठे उभे राहायचे हे माहीत असावे लागते.

दोन तासांत बाईंनी ही एकच चूक हाताळली. माझे मनगट सैल होते, डाव्या हातातली लाइन ढिली पडत होती, हे त्यांना दिसत असणारच; त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी मला रॉड आडवा धरून कमरेच्या उंचीवर, जमिनीला समांतर फेकायला लावले, म्हणजे मान फिरवली की मागचा आणि पुढचा असे दोन्ही लूप मला माझ्याच डोळ्यांनी दिसावेत. निघताना त्या म्हणाल्या, “तीन आठवडे तुमची फेक आधीपेक्षा वाईट होईल. तेव्हा मला फोन करू नका.”

तसेच झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये गव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनांच्या कुरणासमोर निलगिरीच्या झाडांनी वेढलेले तीन उथळ तलाव आहेत, केवळ कास्टिंगच्या सरावासाठी १९३८ साली बांधलेले. त्यांत मासे नाहीत. १९३३ साली स्थापन झालेला गोल्डन गेट अँगलिंग अँड कास्टिंग क्लब तेथे नांदतो, आणि त्याचे सभासद नवशिक्यांना विनामूल्य शिकवतातही. याच तलावांवर लहानपणी फेकायला शिकलेला स्टीव्ह रॅजेफ पुढे कास्टिंगमध्ये वारंवार विश्वविजेता झाला. मी तेथे शनिवारी सकाळी धुके उतरायच्या आत जाऊ लागलो. पहिले तीन आठवडे लाइन डोक्यावर पडत होती. मग एका सकाळी मागे विराम घेतला असताना रॉडच्या मुठीत एक हलकी ओढ जाणवली, कोणीतरी मागून बोट धरून खेचावे तशी, आणि पुढची फेक जवळजवळ विनाश्रम गेली. ती ओढ म्हणजे मागे सरळ झालेली लाइन. तिच्याविषयी मी कितीतरी वेळा वाचले होते.

मात्र ती ओढ मला शिकवणीच्या दोन तासांत जाणवली नव्हती, हेही तेवढेच खरे. ती एकट्याने, कोणी पाहत नसताना, शेकडो फेकींनंतर आली. फ्लाय कास्टिंगचे नामवंत अमेरिकन शिक्षक लेफ्टी क्रे यांची गोष्ट मला यासाठी जवळची वाटते. १९४७ साली जो ब्रुक्स या अनुभवी मासेमाराने त्यांना फ्लाय कास्टिंगचे धडे दिले, ते त्या काळच्या घड्याळाच्या रीतीने. क्रे ती रीत शिकले, आणि नंतर स्वतः फेकता फेकता त्यांच्या ध्यानात आले की रॉड बराच मागे नेला तर कमी श्रमात लाइन लांब जाते. त्यांनी आपली पद्धत बदलली आणि २०१८ साली वयाच्या ९३व्या वर्षी निधन होईपर्यंत ती असंख्य लोकांना शिकवली. घड्याळ कोणी दिलेच नसते तर ते मोडायचे कसे हे त्यांना कळले असते का, याबद्दल मला शंका आहे. कास्टिंगमधल्या दुसऱ्या नामवंत अमेरिकन शिक्षिका जोन वुल्फ यांचेही तसेच. त्या लहानपणी वडिलांच्या कास्टिंग क्लबात जाणकारांच्या नजरेखाली वाढल्या, १९६० साली त्यांनी १६१ फुटांची फेक केली, आणि पुढे १९७९ साली पती ली वुल्फ यांच्याबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत शाळा काढली. त्यांचे मोठे काम मला त्या १६१ फुटांपेक्षा वेगळ्या जागी दिसते: एका सलग हालचालीचे तुकडे पाडून त्यांनी प्रत्येक तुकड्याला नाव दिले. त्या नृत्यही शिकवत असत. पावलाला नाव असल्याशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही हे नृत्य शिकवणाऱ्याला ठाऊक असते. माझ्या चुकीला क्रीप हे नाव मिळाले तेव्हाच ती मला हाताळता आली.

एकट्याने काढलेल्या वर्षांनी मला दुसरे बरेच दिले, ते मी नाकारणार नाही. पाणी वाचणे, मासा कोणत्या धारेच्या कडेला उभा राहील हे ओळखणे, विलोच्या फांदीखालून कमरेच्या उंचीवरून माशी सारणे, हे मी काठावर चुकत चुकत शिकलो, कारण या सर्व गोष्टी समोर असतात आणि पाणी लगेच उत्तर देते. म्हणून कोणी विचारले तर मी आता एवढेच सांगतो: पहिल्या महिन्यातच, सवय हाडात शिरण्याआधी, चांगल्या शिक्षकाचे दोन तास विकत घ्या, नव्या रॉडच्या आधी घ्या, आणि मग काही महिने त्या शिक्षकाकडे फिरकू नका.

माझ्या क्रीपचे मूळ पागात असावे, हे मला फार उशिरा सुचले. पागात विराम नाही. अंग मागे वळते आणि त्याच झोक्यात पुढे सुटते. मधे थांबलात तर जाळे लोंबकळते. तेराव्या वर्षी जी गोष्ट मी अभिमानाने कमावली होती, तीच एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या खांद्यातून घाई करत होती.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा रॉड बरोबर नेला. काकांना आता गुडघ्यांमुळे खाडीत उतरवत नाही. संध्याकाळी आम्ही दोघे घरामागच्या सड्यावर गेलो आणि मी त्यांना ही विलायती फेक दाखवू लागलो. कातळावर वाळलेले गवत होते, समोर खाडी, वारा पडलेला. मी चाळीसेक फूट लाइन हवेत खेळवत होतो आणि सगळे ठीक चालले आहे असे मला वाटत होते. काका माझ्या मागच्या बाजूला जांभ्याच्या गडग्यावर बसले होते. त्यांनी आयुष्यात फ्लाय रॉड पाहिलेला नव्हता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मागे घाई करतोयस.”

मी हात थांबवला आणि वळून पाहिले. लाइन गवतावर वाकडी पडली होती.

“काका, तुम्ही तिथेच बसा,” मी म्हणालो, “आणि पुन्हा झाली की सांगा.”

त्यांनी मान डोलावली. खाडीवरचा उजेड जाईपर्यंत त्यांनी मला आणखी चार वेळा टोकले, आणि चारही वेळा लाइन वाकडीच पडलेली होती.